जपानी घरबसल्या: अँकी, सिरीज आणि पुस्तकं, वर्षभर वापरून काय वाटलं

वर्ष होत आलं आता, सांगलीत बसून क्लास न लावता जपानी शिकतेय, बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्या शॉपमध्ये भिंतीभिंतीवर कायझेन (थोडं थोडं सुधारत राहणं) आणि पोका-योके (चूक होऊच न देणं) असे बोर्ड, साहेबांपासून हेल्परपर्यंत सगळे ते शब्द फेकतात, त्यापुढचं जपानी कुणाला ओ की ठो येत नाही. माझं कारण मात्र कंपनी नाही, जपानी सिरीज. इंग्लिश सबटायटल वाचण्यातच सगळा वेळ जायचा, माणसांचे चेहरे बघायचे राहूनच जायचे.

अँकी हे फ्लॅशकार्डचं ॲप, म्हणजे कार्डावर पुढे शब्द, मागे अर्थ. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड म्हणून येतं ते पण फुकट, आयफोनवाल्यांना पैसे पडतात पण एकदाच. नेट नसलं तरी चालतं, त्यामुळे कुपवाडला जाताना बसमध्ये उभ्या उभ्या निम्मी कार्डं होतात. दिसायला अगदी साधं आहे, बक्षिसं नाहीत, कार्टून नाहीत, मला तेच बरं वाटलं.

आता महत्त्वाचं. मुळात सेटिंग असतं रोज 20 नवीन कार्डांचं. ऐकायला काहीच नाही वाटत, पण जुनी कार्डं परत परत येतात ना, ती रोजची उजळणी हळूहळू नवीन कार्डांच्या दहापटीच्या आसपास जाते, म्हणजे 200 कार्डं, रोज, दिवाळीत पण, घरात लग्न असलं तरी पण. मी पहिल्यापासून 7 वर ठेवलं आणि म्हणूनच अजून टिकून आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरं म्हणजे 2023 मध्ये त्यात एफएसआरएस नावाची नवी पद्धत आली, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. तुम्ही आधी काय आठवलं काय विसरलं त्यावरून कुठलं कार्ड कधी निसटेल याचा ती अंदाज बांधते आणि त्याच सुमाराला समोर आणते. किती टक्के आठवायला पाहिजे ते आपण सांगायचं, मुळात 90 असतं, तेच राहू दे, हौसेनं 97 केलं की कार्डांचा नुसता पाऊस. आणि कार्ड उलटलं की किती आठवलं ते सांगायची बटणं येतात, विसरला असाल तर सरळ 'अगेन' दाबा, मनाची समजूत म्हणून 'हार्ड' नको, कारण हार्डचा अर्थ त्याच्या हिशोबात 'आठवलं, पण जड गेलं' असा असतो आणि मग ते विसरलेलं कार्ड लांबच्या तारखेला जाऊन बसतं.

रेडीमेड डेक (कार्डांचे तयार गठ्ठे) मिळतात, सुरुवातीच्या हजारेक शब्दांना वापरा बिनधास्त. त्यापुढे स्वतःची कार्डं. सिरीजमध्ये जे वाक्य कानावर पडलं, अर्धं कळलं आणि एकच शब्द अडला, तेवढंच वाक्य घ्यायचं. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये योमितान नावाचं डिक्शनरीचं एक्स्टेंशन टाकलं की शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो आणि एका क्लिकवर अँकीत कार्ड तयार (जोडणी करायला एक संध्याकाळ जाते, नंतर त्रास नाही). असं कार्ड समोर आलं की तो सीन, तो आवाज, ती रडणारी आजी सगळं आठवतं, डेकमधला सुटा शब्द मात्र चार-चार वेळा घोटूनही हातचा निसटतो.

व्याकरणाचं लोक फार घाबरवतात. अहो, मराठी माणसाला ते सोपंय! क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, आपण 'करून बघ' म्हणतो तसंच तेही 'करून' आणि 'बघ' जोडून म्हणतात. इंग्लिशमधून समजावणारे व्हिडिओ बघताना उलट डोकं फिरतं, सरळ मराठीत विचार केला की वाक्य आपोआप बसतं. उच्चारात पण 'त्सु' आपल्याला जमतो, चमच्यातला च आहे की आपल्याकडे. अवघड आहे ती कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चित्रासारखी अक्षरं. हिरागाना-काताकाना या उच्चाराप्रमाणे लिहायच्या दोन लिप्यांची 46-46 अक्षरं होऊन जातात, पण जपान सरकारच्या रोजच्या वापरातल्या कांजींच्या यादीत 2136 आहेत, आणि एकेकीचे दोन-तीन उच्चार. सुट्या कांजीची कार्डं मी करतच नाही, शब्दासकट करते.

सिरीजबद्दल एकच सांगते, इंग्लिश सबटायटल लावून कितीही बघितलं तरी कान तयार होत नाहीत. जपानी सबटायटल पाहिजेत आणि ती सगळ्या सिरीजना मिळत नाहीत, आधी बघून मगच सिरीज निवडा. तलवारबाजीवाल्या ॲनिमेपेक्षा (जपानी कार्टून सिरीज) घरगुती, शाळेच्या गोष्टी घ्या, राक्षसाला धमकी द्यायची वेळ आपल्यावर कशाला येतीय.

पुस्तकं. लहान मुलांची सोपी असतील म्हणून मागवू नका, त्यात धाडधाड-टपटपसारख्या ध्वनीशब्दांचा भडिमार असतो आणि कांजी नसल्यामुळे अर्थाचा अंदाज बांधणं उलट अवघड जातं. तादोकू म्हणून शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीनं लिहिलेली पुस्तकं असतात, बरीच फुकट आहेत, शून्य पातळीची तर चित्रं बघूनच समजतात. मला सगळ्यात जास्त फायदा यांचाच झाला आणि सगळ्यात कमी लोक हे करतात. एखादं कार्ड 8 वेळा विसरलं की अँकी त्याच्यावर 'लीच' (म्हणजे जळू) शिक्का मारतं, अशी कार्डं मी सरळ उडवते, तो शब्द कामाचा असेल तर कुठल्यातरी पुस्तकात परत भेटतोच.

परीक्षा द्यायची असेल तर जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, आपल्याला पुण्याचं सेंटर जवळ. सगळ्यात खालची एन5, 180 पैकी 80 ला पास, पण ऐकण्याच्या भागात 60 पैकी 19 वेगळे लागतातच, त्यामुळे नुसत्या कार्डांवर जाऊ नका.

बोलणं? ते या सगळ्यातून येत नाही, आणि जेएलपीटीत बोलायचा पेपरच नाही. मला ऐकून बरंच कळतं पण तोंड उघडलं की त त प प. सध्या ऑनलाइन बोलायला कुणीतरी शोधतेय, अडचण वेळेची, जपान आपल्या साडेतीन तास पुढं, मी जेवणं उरकून रात्री 9 ला मोकळी होते तेव्हा तिकडं साडेबारा वाजलेले. रविवारी सकाळी शिकवणारं कुणी माहीत असेल तर कळवा.