गाडीच्या काचेवर हॅम रेडिओ : रेडियमवाल्याकडून करून घेतलेले तीन स्टिकर

हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन हौसेने रेडिओवरून एकमेकांशी बोलणारी मंडळी. ऑनलाइन मिळणारे हॅमचे तयार स्टिकर बहुतेक अमेरिकेतल्या हौशींसाठी केलेले असतात. कुणाचा तरी झेंडा, कुठल्या तरी राज्याचा नकाशा. म्हणून नाशिकरोडच्या एका रेडियमवाल्याकडून तीन करून घेतले, मिळून साडेतीनशे रुपये. एरवी नंबरप्लेट आणि 'आईचा आशीर्वाद' यांत बुडालेला माणूस, त्या मानाने काम झकास.

पहिला कॉलसाईनचा (परवान्याबरोबर मिळणारं हवेतलं ओळखनाव, आपल्याकडे 'व्हीयू'ने सुरू होणारं), मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत. रेडियमवाल्याला तिरपा नक्षीदार फॉन्ट हवा होता. त्यात व्ही आणि यू सारखेच दिसायला लागले. हट्टाने साधा, जाड फॉन्ट घ्यायला लावला. आता मागच्या गाडीतूनही नीट वाचता येतो. पण खरं सांगू? 'व्हीयू' पाहून हात करणारा माणूस आधीच हॅम असतो. बाकीच्यांना ती दुसरी नंबरप्लेट वाटते. एका हवालदारसाहेबांनी तेच विचारलं. परवान्याची प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात होती म्हणून चहाच्या गप्पांवर निभावलं.

दुसरा आम्हा हॅम मंडळींचा चौकट आकाराचा बिल्ला : वर अँटेना, मध्ये कॉइल, खाली अर्थिंग. "साहेब, हा कुठला पक्ष?" रेडियमवाल्याने विचारलं. कॉइलचे बारीक वेढे जादा व्हिनाईल सोलताना सुईबरोबर उचलून येत होते, म्हणून पठ्ठ्याने स्वतःहून चिन्ह मोठं केलं आणि रेषा जाड केल्या. साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवला, एक बुडबुडा नाही. पाचपैकी पाच.

तिसरा डिकीवर, मराठीत : 'हॅम रेडिओ – हवेतल्या गप्पा. विचारा!' प्रचार म्हणाल तर हाच करतो. पेट्रोलपंपावर हमखास प्रश्न येतो, "काका, मोबाईल असताना हे कशाला?" मी 2001 चा भूज भूकंप सांगतो, फोन बंद पडले तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. वॉकीटॉकीचं वेड असलेली पोरं पुढे विचारतात, त्यांना वय 12 पूर्ण असलं की परीक्षा देता येते आणि परवान्याच्या निर्बंधित श्रेणीला मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) लागत नाही, एवढं कळलं की डोळे चमकतात. (मोर्सची मजा नंतर कळतेच.)

तक्रारही याच स्टिकरची. सुटी अक्षरं कापून चिकटवली होती. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने 'हॅ'वरचा चंद्र उडाला आणि आठवडाभर मी 'हम रेडिओ'ची जाहिरात करत हिंडलो. रेडियमवाल्याने कुरकुर न करता पुन्हा करून दिला, पण तसाच, सुटा. मग मीच पिवळ्या पट्टीवर छापून, वरून लॅमिनेट करून मागितला. मात्रा, अनुस्वार, चंद्र असलेल्या मजकुराला हीच पद्धत घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

करून घेणार असाल तर डिझाईन कोरलड्रॉमध्ये घेऊन जा; व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून तो अंदाजाने आखतो. आणि संध्याकाळी जाऊ नका, नव्या गाड्यांची रांग असते.