पेप्टाइडसाठी मायक्रोवेव्ह: आठ महिने वापरल्यावर

आमच्या लॅबमधलं मायक्रोवेव्ह सिंथेसायझर, म्हणजे अमिनो आम्लं एकेक करून जोडत पेप्टाइडची साखळी बनवणारं मशीन, आठ महिन्यांपासून जवळपास रोज चालू आहे. त्याआधी सहा वर्षं मी हातानेच पेप्टाइड करत होते. भांड्यात रेझिन (ज्या बारीक मण्यांवर साखळी वाढते ते) घ्यायचं, शेकरवर ठेवायचं, तासाभराने चार मणी काढून कायझर टेस्ट (न जुळलेली मोकळी टोकं दाखवणारी रंगाची चाचणी) करायची आणि मणी निळे दिसले की पुन्हा कपलिंग, म्हणजे तेच अमिनो आम्ल परत जोडायचं. दिवसभर राबून चार, फार तर पाच अमिनो आम्लं जोडून व्हायची.

वेळ वाचतो, यात शंकाच नाही. तासाभराचं कपलिंग ७५ अंशांना पाच मिनिटांत होतं, एफमॉक, म्हणजे साखळीच्या टोकावरचं तात्पुरतं झाकण, तीन मिनिटांत निघतो. ३० अमिनो आम्लांची साखळी संध्याकाळी लावून घरी जावं, सकाळी रेझिन तयार असतं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते अवघड साखळ्यांचं काम. वाढत्या साखळ्या एकमेकींना चिकटतात, मोकळं टोक गुंत्यात दडतं आणि पुढचं अमिनो आम्ल तिथवर पोचत नाही. एसीपी या प्रथिनाचा ६५ ते ७४ क्रमांकांचा तुकडा याच परीक्षेसाठी सगळे करून बघतात. मी हाताने केला तेव्हा शेवटचं व्हॅलिन गळालेला पेप्टाइड दरवेळी सोबत यायचा. मशीनवर पहिल्याच खेपेला तो नावापुरता उरला.

आता जिथे हात पोळले ते सांगते. जीएलपी-१ या हार्मोनचा ७ ते ३६ हा तुकडा, टोकाला अमाइड असलेला, करायला घेतला. ३० अमिनो आम्लं, आणि सगळ्यात शेवटी जोडायचं ते हिस्टिडिन. बाकी सगळ्यांसारखं तेही ७५ अंशांनाच लावलं. ज्युनिअर धावत आली, ‘ताई, मास अगदी बरोबर आलाय!’ मास, म्हणजे रेणूचं वजन, बरोबर होताच. पण एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) मुख्य पीकच्या खांद्याला चिकटून दुसरं पीक उभं होतं. हिस्टिडिनचा काही भाग एल रूपातून आरशातल्या प्रतिमेसारख्या डी रूपात उलटला होता, आणि एल काय, डी काय, वजन तेच, त्यामुळे मास स्पेक्ट्रमला फरक कळणारच नाही. एकोणतीस कपलिंग नीट झाली आणि तिसाव्याला माल बिघडला. तेव्हापासून हिस्टिडिन आणि सिस्टीन ५० अंशांच्या वर नेत नाही, हिस्टिडिनवर संरक्षक गट म्हणून ट्रिटिलऐवजी बॉक घेते. आर्जिनिनला आधी खोलीच्या तापमानाला वेळ देते, मग थोडी उष्णता, आणि दोनदा कपलिंग. नाहीतर त्याचं लॅक्टम (स्वतःशीच जुळून झालेलं वलय) होऊन बसतं. अ‍ॅस्पार्टिक आम्लापुढे ग्लायसिन असेल तर डिप्रोटेक्शनही (एफमॉक काढणंही) जपून. क्लोरोट्रिटिल रेझिन तर मी मशीनवर गरम करतच नाही. साखळी अर्ध्यातच सुटून वॉशमधून वाहून जाते.

दुसरी गोष्ट तापमान मोजण्याची. आमच्या मशीनचा इन्फ्रारेड सेन्सर भांड्याचं तापमान बाहेरून वाचतो. पाचव्या महिन्यात क्रूड (शुद्ध करण्याआधीचा कच्चा माल) अचानक खराब यायला लागलं. रिएजंट बदलले, डीएमएफ या द्रावकाची नवी बाटली उघडली, फरक शून्य. शेवटी आत फायबर ऑप्टिक प्रोब सोडला. स्क्रीनवर ७५, आत ८३! सेन्सरच्या काचेवर सांडलेल्या द्रावणाचा थर बसला होता. कंपनीच्या माणसाने मशीन बसवताना ती काच पुसायची असते हे सांगितलंच नव्हतं, याचा राग मला अजून आहे. आता दर सोमवारी काच पुसली जाते.

मायक्रोवेव्हमध्ये काही खास शक्ती असते, असं अजूनही पुष्कळ जण मानतात. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीचा एक फोटॉन रासायनिक बंध तोडायला फारच अशक्त असतो. डीएमएफसारखे ध्रुवीय रेणू त्या लहरींमागे फिरायचा प्रयत्न करतात आणि द्रावण आतून भराभर तापतं, इतकंच. मला हे ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने पटवलं. प्रथिनाचं डायजेशन आम्ही ३७ अंशांना रात्रभर ठेवायचो. मशीनमध्ये ५० अंशांना वीस मिनिटांत जवळजवळ तेच तुकडे मिळाले, तेव्हा आनंदच झाला. मग त्याच नमुन्याची दुसरी नळी साध्या वॉटर बाथमध्ये, त्याच ५० अंशांना, तेवढीच वीस मिनिटं ठेवली. दोन्ही क्रोमॅटोग्राम एकमेकांवर ठेवले तर रेघ रेघेवर बसली. म्हणून एन्झाइमसाठी मी आता मशीन अडवून ठेवत नाही. वॉटर बाथ पुरतो. त्यापेक्षा जास्त तापवलं तर ट्रिप्सिन स्वतःच कोलमडायला लागतं, मग घाईचा काय उपयोग?

पेप्टाइडचं तसं नाही. तिथे तीस वेळा तापवायचं, थंड करायचं, निथळायचं असतं, आणि ते इतक्या लवकर आणि दरवेळी सारखं वॉटर बाथवर मला जमलेलं नाही. घरचा ओव्हन मात्र यासाठी कुणीही वापरू नये. मायक्रोवेव्हने सेंद्रिय रसायनं बनवण्याच्या १९८६ सालच्या पहिल्या प्रयोगांत तसले ओव्हन वापरले गेले होते, पण त्यात ना तापमानावर ताबा, ना दाबावर, आणि डीएमएफची वाफ पेट घेते.

पावसाळ्यात डीएमएफची बाटली उघडल्यावर माशांसारखा वास आला तर ती बाजूला ठेवा. त्यातलं डायमेथिलअमाइन एफमॉक वेळेआधीच काढतं, आणि ७५ अंशांना तर ते आणखी झपाट्याने होतं.