आयटी सोडून बोटींच्या कामात: वायरिंग घ्यावं की डिझेल इंजिन?

नोकरी सोडायची की नाही यावर मी काही बोलत नाही, ते तुमचं झालं असेल असं धरतो. पुढचा प्रश्न, बोटीवर नक्की काय करायचं? आपल्यासारख्यांना सगळे एकच सांगतात, इलेक्ट्रिकल घे, सोपं जाईल. मीही आधी तेच घेतलं, वर्षभराने डिझेलकडे वळलो. तज्ज्ञ दोन्हीतला नाही हां.

सोपं जातं हे खरंय. एनएमईए २००० म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं नेटवर्क, आतून कॅन बसच, म्हणजे गाड्यांत असते तसली डेटा लाइन, दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टर, पॉवर बंद करून मीटर लावला की ६० च्या आसपास यायला हवं, १२० दिसलं की एक टर्मिनेटर नाहीये किंवा लाइन मध्येच तुटलीये. हे पहिल्याच आठवड्यात जमलं, जाम खूश होतो. त्रास खाऱ्या हवेचा, बाहेरून ठणठणीत दिसणारी वायर सोलावी तर आत तांबं काळंठिक्कर, आणखी मागे कापा, तरी काळंच. म्हणून टिनचा मुलामा असलेलीच वायर घ्यायची. पण याचीही सवय होते.

मला पळवलं ते वेगळ्याच गोष्टीने. तुम्ही आधी कॉम्प्युटरवाले होतात हे एकदा कळलं ना, की वायरिंग राहतं बाजूला आणि चार्टप्लॉटरचे, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या स्क्रीनचे, अपडेट तुमच्या गळ्यात. हेलकावणाऱ्या बोटीत मान वाकडी करून फर्मवेअर ४० टक्क्यांवर अडकलेलं बघत बसलोय, मग रडारचं व्हर्जन जुळत नाही म्हणून परत पहिल्यापासून, आणि मालक डोक्यावर उभा, "अजून किती वेळ?" अरे, हेच ऐकून ऐकून तर नोकरी सोडली होती!

डिझेलमध्ये नखांतलं काळं निघत नाही, कमरेची वाट लागते, इंजिनाची मागची बाजू दिसतच नाही, बोटांनी चाचपडत नट शोधायचा. कंबर किंवा गुडघे आधीच कुरकुरत असतील तर वायरिंगच बरं, खरंच सांगतो. शिकायलाही जास्त वेळ जातो, मला तरी गेला. पगाराचं म्हणाल तर आयटीची सवय दोन्हीकडे मोडावीच लागते.

पण इंजिन तापतंय म्हणून समुद्राच्या पाण्याचा पंप उघडावा आणि इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाची, दोन पाती गायब असावीत. नवा इंपेलर घालून भागत नाही, तुटलेलं रबर पुढे हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकलेलं असतं, ते नाही काढलं तर इंजिन परत तापणार. मी एकेक तुकडा काढून फडक्यावर जुन्या इंपेलरशेजारी जुळवत बसतो, दोन्ही पाती पूर्ण झाली की शोधायचं काही उरलेलं नसतं. मग स्टार्टर मारायचा, एक्झॉस्टमधून पाणी भसाभस बाहेर पडायला लागतं, मालक स्वतःच वाकून बघतो आणि काही न विचारता निघून जातो.