चाचणीला कोण जाणार, कळव्याचा की घणसोलीचा?

प्रो कबड्डीच्या नवोदितांच्या चाचण्या जवळ आल्यात आणि मंडळाला प्रवास-मुक्कामाचा खर्च एकाच पोराचा झेपणार आहे. नावं दोन. दोघेही चढाईपटू, दोघेही कुमार गटातले. या मोसमात त्यांचे सामने मी वही घेऊन पाहिले, म्हणून बैठकीआधी हे लिहितोय.

गुणपत्रक पाहिलं तर कळव्याचा पुढे आहे. उंच, लांब पायांचा, बोनस (समोरच्यांच्या अंगणातल्या बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून मिळणारा जादा गुण) घेण्यात पटाईत. कोपऱ्याकडे दोन पावलं सरकतो, कोपरारक्षक घोट्यासाठी वाकला की खांदा आत वळवतो, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवतो आणि त्याच क्षणी डावा पाय हवेत असतो. पंचाला शंकेला जागाच राहत नाही. इतका स्वच्छ बोनस मी आपल्या भागात दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

पण बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात जण असतानाच. पाच उरले की त्या रेषेचा उपयोग संपला. माझ्या वहीत त्याचे निम्म्याहून जास्त गुण बोनसचे आहेत. समोर चार-पाच असले की तो निदान रेषा (चढाई ग्राह्य धरली जायला ओलांडावीच लागते ती) ओलांडतो, तीस सेकंद काढतो आणि हात हलवत परत येतो. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर बाद. तिथे तो घाईत आत घुसतो आणि हात धरून उभ्या बचावपटूंच्या साखळीत सापडतो.

घणसोलीचा बुटका, मांडीने भरलेला. बोनसकडे बघतही नाही, आणि हा दोषच आहे. हातचे गुण सोडतो. गुण मिळवतो ते हातस्पर्शाने आणि मागच्या लाथेने. एका रात्रीच्या सामन्यात तिसऱ्या चढाईला समोर तिघेच होते. पकड झाली असती तर अव्वल पकडीचे (तिघे किंवा त्याहून कमी जणांनी केलेल्या पकडीचे) दोन गुण समोरच्यांना जाणार होते. कोपऱ्याने घोटा धरला. याने पाय सोडवायची झटापट केलीच नाही, कंबर खाली घेतली, अंगावर येणाऱ्या मध्यरक्षकाच्या काखेखालून सुटला आणि मध्यरेषेवर बोटं टेकवली. दोघे बाद. उठल्यावर पहिलं काम काय केलं, तर आपल्या कोपरारक्षकाला हाताने जागेवर सरकवलं.

मग याचे गुण कमी का? त्याच्या संघाचा बचाव कच्चा आहे. हा बाद झाला की पकडी होत नाहीत, मग जिवंत होऊन परत यायला वेळ जातो. कळव्याच्या मागे भक्कम बचाव आहे, तो लगेच मैदानात परततो. म्हणून एकूण गुणांपेक्षा दर चढाईमागचे गुण बघा. तिथे घणसोलीचा वरचढ आहे.

वजनाचाही विचार करायला हवा. कुमार गटाची मर्यादा ७० किलो, प्रो कबड्डीत ८५ पर्यंतचे गडी असतात. कळव्याच्या पोराला तिथले मध्यरक्षक कमरेत धरून उचलतील, अशी मला खरी भीती वाटते. वजन दोन वर्षांत वाढेल, उंची मात्र कुणाला शिकवून येत नाही, हेही मान्य. घणसोलीचा मातीत तयार झालाय. मॅटवर बूट घालून पळताना त्याला थांबायला अजून उशीर लागतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत दम लागतो. या दोन्ही गोष्टी सरावाने सुटतील.

कोल्हापूरचा चढाईपटू सिद्धार्थ देसाई याने २०१८ मध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाकडून पहिल्याच मोसमात दोनशेवर गुण घेतले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. त्याची ताकद पकडीतून सुटण्यात होती. दुसरीकडे भारताचा माजी कर्णधार अनुप कुमारनेही बोनसवर नाव कमावलं, पण समोर किती उरलेत हे त्याच्या डोक्यात सतत असायचं. कळव्याच्या पोरात ते अजून दिसलं नाही.

माझं मत घणसोलीच्या बाजूने आहे. एखाद्या संघाला तिसरा, साथीचा चढाईपटू हवाय असं कळलं तर मात्र कळव्याचं नाव पुढे करा. दोन मुख्य चढाईपटूंच्या जोडीला त्याचा बोनस फार कामाचा ठरेल.

कार्यकारिणीत कुणाला पटत नसेल तर रविवारच्या सरावात दोघांसमोर पाचच बचावपटू उभे करा आणि दहा-दहा चढाया द्या. वही घेऊन मी सात वाजता येतो.