वॅक्स लावण्याचे फोम पॅड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याच्या आधी गाडीला घरीच वॅक्स करायचे ठरवून मी सहा फोम अ‍ॅप्लिकेटर पॅडांचे एक पाकीट मागवले. साधारण चार इंच व्यासाचे, इंचभर जाडीचे हे गोल पिवळे पॅड अडीचशे रुपयांना मिळाले, म्हणजे नगाला चाळीस-बेचाळीस रुपये पडले. आता जून उजाडला आहे आणि या काळात माझ्या गडद निळ्या हॅचबॅकला नऊ वेळा वॅक्स आणि दोन वेळा सीलंट (वॅक्ससारखाच रंग राखणारा, पण कृत्रिम लेप) लावून झाले आहे. पॅडांच्या दर्जाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, कारण या किमतीचे बहुतेक पॅड एकाच माळेचे मणी असतात. ते टिकतात किती, हे मात्र आपण ते कधी आणि कसे धुतो यावर ठरते, आणि एवढी गोष्ट कळण्यासाठी मला एक पॅड व बॉनेटची बरीचशी चकाकी खर्ची घालावी लागली.

पहिले वॅक्स खंडेनवमीच्या संध्याकाळी लावले. दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा, झेंडूचा हार, पाहुणे या गडबडीत पॅड बाल्कनीतल्या बादलीत तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी तो नळाखाली धरला, तेव्हा अळूच्या पानावरून घरंगळावे तसे पाणी त्याच्यावरून घरंगळून गेले, आत एक थेंबही शिरेना. डब्यातले पेस्ट वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण, इतर मऊ मेणे आणि ते सगळे पसरण्याजोगे ठेवणारे द्रावक यांचे मिश्रण असते. द्रावक उडून गेले की फोमच्या छिद्रांत निव्वळ मेण उरते, आणि कार्नोबा वितळायला ८० अंश सेल्सिअसच्याही वर तापमान लागते. गीझरच्या पाण्याने ते थोडे मऊ पडते, पण वितळून वाहून जात नाही, त्यामुळे खरे काम साबणालाच करावे लागते.

साबण म्हणजे वडी नव्हे, हेही अनुभवानेच शिकलो. आमच्या सोसायटीत बोअरवेलचे जड पाणी येते आणि त्यात अंगाच्या साबणाचा पांढरट, चिकट साका तयार होतो. मेण निघायचे राहिले बाजूला, फोममध्ये हा साका मात्र जाऊन बसला. भांडी घासायच्या लिक्विडने असे होत नाही. आता काम संपल्यावर, गाडीवरचे वॅक्स वाळेपर्यंतच्या वेळात, मी पॅड कोमट पाण्यात एक चमचा लिक्विड घालून वीस मिनिटे बुडवून ठेवतो. (त्यासाठी पहिल्यांदा स्वयंपाकघरातले पातेले घेतले होते, आईने ते पातेले मला कायमचे बहाल केले.) मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून दाबतो आणि सोडतो. पिळत मात्र नाही, कारण पिळल्याने फोम कडेला चिरतो. सुरुवातीला ताकासारखे पिवळसर पाणी निघते, तिसऱ्या-चौथ्या पाण्याला ते नितळ होते. तरीही पॅड स्वच्छ झाला असे मी लगेच मानत नाही. ओला पॅड गाडीच्या काचेवर एकदा टेकवतो आणि पाणी वाळू देतो; नंतर काचेवर बोट फिरवल्यावर तेलकट, धूसर वर्तुळ लागले तर आत मेण आहे, आणि नुसते पाण्याचे डाग दिसले तर काम झाले.

पेस्ट वॅक्सचा पॅड धुऊच नये, डब्यातच झाकून ठेवावा, असे सांगणारेही बरेच भेटतात, आणि त्यांचे म्हणणे मी क्रमांक दोनच्या पॅडवर पाच वेळा करून पाहिले. (पॅडांच्या पाठीवर मी मार्करने आकडे घातले आहेत.) मेणाने आधीच भरलेला पॅड नवे वॅक्स कमी पितो, हे खरे आहे. मात्र चौथ्या वेळेपासून त्याची कड कडक होऊ लागली आणि वॅक्स पातळ थराऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी बसू लागले. दोन-तीन आठवड्यांनी नेमाने वॅक्स करणाऱ्याला ही पद्धत चालेल, महिना-दीड महिन्याने करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

सीलंटचे गणित निराळे आहे. कृत्रिम सीलंटमधले पॉलिमर हवेत आल्यावर हळूहळू घट्ट होतात आणि एकदा घट्ट झाले की साबण त्यांना सोडवू शकत नाही. मार्चमध्ये सीलंट लावल्यावर तीन क्रमांकाचा पॅड माझ्याकडून डिक्कीत राहिला. आठवड्याने सापडला तेव्हा तो खाकऱ्यासारखा झाला होता. रात्रभर भिजवल्यावर वरून मऊ लागला, म्हणून मी तो पुन्हा वापरला, आणि चूक झाली ती इथेच. आतल्या कडक गाठी अर्ध्या बॉनेटवर फिरल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोलाकार ओरखडे दिसले. गाड्या चकचकीत करून देणाऱ्या डिटेलिंगवाल्याने मशीनने पॉलिश करून ते बरेचसे घालवले, परंतु रंगावरचा पारदर्शक थर सर्वसाधारणपणे ४०-५० मायक्रॉनचाच, म्हणजे फार तर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातून थोडे खरवडून नेते. चाळीस रुपये वाचवायला गेलो आणि पंधराशे मोजून आलो. आता सीलंटचा पॅड मी तासाभरात धुतो, नाहीतर सरळ टाकतो. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर काचेसारखा कडक थर बसवणाऱ्या द्रव्याचा पॅड तर धुण्याच्या भानगडीतच पडू नये, तो एकदाच वापरायचा असतो.

वॉशिंग मशीनचा प्रयोगही करून झाला. जाळीच्या पिशवीत घालून नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर धुतलेला फोमचा पॅड धडधाकट बाहेर आला, पण मायक्रोफायबरचे आवरण असलेल्या दुसऱ्या एका पॅडची चिकटवलेली पट्टी सुटली आणि त्याला टॉवेलचे धागे चिकटले. कपडे मऊ करणारे द्रव्य चुकूनही घालू नये, कारण त्याचा बुळबुळीत थर फोमवर राहतो आणि पुढे गाडीवर फरफटे उमटतात. थिनरने धुण्याचा सल्ला मला एका गॅरेजमध्ये मिळाला होता. पॅडच्या एका कापलेल्या तुकड्यावर तो आजमावला, तर फोम फुगला आणि चिमटीत धरताच फाटला.

वाळवणे सावलीतच करावे. उन्हात हा फोम पिवळा-तपकिरी पडतो आणि पुढे त्याचा भुगा निघू लागतो. पावसाळ्यात खरी पंचाईत होते. परवाच्या पहिल्या सरींनंतर पॅड पंख्याखाली ठेवूनही दोन दिवस दमट राहिला. ओला पॅड पिशवीत बंद केला तर कुबट वास येतो आणि काळे ठिपके धरतात, म्हणून तो पूर्ण वाळल्यावरच झिपच्या पिशवीत घालतो आणि बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडीही आत टाकतो.

पॅड जमिनीवर पडला तर त्या दिवशी तो गाडीला लावायचा नाही, हा नियम मी विनाअपवाद पाळतो, कारण फोममध्ये रुतलेला वाळूचा कण डोळ्यांना दिसत नाही. सहापैकी एक आणि चार हे पॅड प्रत्येकी चार धुण्यांनंतरही बोटाने दाबले की लगेच वर येतात, तेव्हा वॅक्सला तेच आहेत. दोन क्रमांकाचा आता फक्त टायरला काळे लावायला घेतो, तीन कचऱ्यात गेला, पाच सीलंटसाठी राखला आहे आणि सहावा अजून पाकिटातच आहे.