अंगठ्याची शीर: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांकडे बसलं की मनगटाचा विषय निघतोच. "शीर चढलीय," म्हणतात. माझी आत्या पानं कातरता कातरता कात्री खाली ठेवायची आणि डाव्या हातानं उजवा अंगठा घट्ट धरून बसायची. पुढं पुढं चहाचा कपही निसटायला लागला.

शीर चढत नाही. अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी एकाच अरुंद नळीतून सरकतात. त्या नळीचं आवरण जाड झालं की कंडरा घासतात. फ्रिट्झ द केर्व्हँ या स्विस सर्जननं 1895 मध्ये हे दुखणं मांडलं, आजही त्याच्याच नावानं ओळखतात. अंगठा मुठीत घेऊन मूठ हळूच करंगळीकडं झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर कळ आली तर बहुधा हेच.

तेल लावून चोळून घेणं मी पर्यायात धरतच नाही. घासून दुखावलेली जागा आणखी घासायची कशाला?

दुखणं नवं असेल तर आधी पट्टा. पण मेडिकलमधला नुसता मनगटाचा पट्टा उपयोगाचा नाही, अंगठाही अडकवणारा हवा. तीन ते सहा आठवडे, आणि तेवढे दिवस हाताला खरी विश्रांती. तान्ह्या बाळाच्या आईनं इथूनच सुरुवात करावी. बाळाला काखेत अंगठे ताणून उचलू नये, तळहात खाली घालून उचलावं. दूध तुटल्यावर पुष्कळजणींचं दुखणं आपोआप ओसरतं.

हजार विड्यांमागं मजुरी मिळणारीला सहा आठवडे कुठले परवडणार? तिच्यासाठी माझं मत इंजेक्शनकडं झुकतं. स्टिरॉइड थेट आवरणात देतात, एकदोन इंजेक्शनांत बहुतेकांना आराम पडतो. नावाला घाबरू नका, ही रोजची गोळी नव्हे. मात्र साखर असेल तर ती काही दिवस वाढते, आधी सांगा. टोचलेल्या जागी कातडी फिकट पडू शकते.

ऑपरेशन शेवटी, महिनोन् महिने काहीच लागू पडलं नाही तर. जागा बधिर करून नळीचं छत उघडतात, त्याच दिवशी घरी सोडतात. गुण चांगला येतो. पण शेजारून बारीक संवेदनेची नस जाते, ती दुखावली तर अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा राहू शकतो. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेलाच डॉक्टर गाठा, बेळगावला जावं लागलं तरी.

काटा घुसून अख्खं बोट सुजलं, वाकडं राहिलं, सरळ करताना जीव जात असेल, तर ही तुलना विसरा. आवरणात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना.

आत्यानं इंजेक्शन घेतलं. पुढचे तीन आठवडे पानं वहिनीनं कातरली, आत्या फक्त विड्यांचे कट्टे मोजायची.