बॉक्स खोटा, स्टिकर खोटं, सेटिंगसुद्धा खोटं

खोक्यावर छापलेलं सगळं खरं नसतं, एवढं आपल्याला कळतं. म्हणूनच टीव्हीला जोडून व्हिडिओ बघायचा अँड्रॉइड बॉक्स घेताना मी दुकानदाराला म्हटलं, ‘जोडून दाखवा.’ त्याने जोडला. सेटिंगमध्ये जाऊन टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं: रॅम ८ जीबी, स्टोरेज १२८ जीबी, अँड्रॉइड ११. यंत्र स्वतःच सांगतंय म्हटल्यावर मी पैसे दिले. ते तिन्ही आकडे बनावट होते. असे बॉक्स तयार करतानाच त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये खोटे आकडे भरून ठेवतात. दुकानात ‘आधी बघून घेऊ’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच ती सोय असते. हे बहुतेकांना माहीत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची गरज अगदी घरगुती होती. बाबांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. घरात बहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, माझ्या मुलाच्या बारशाच्या मिनीडीव्ही टेप आणि गेल्या दहा-बारा वर्षांतले सगळ्यांच्या मोबाइलमधले व्हिडिओ होते. कॅसेट एका स्टुडिओतून डिजिटल करून घेतल्या. मिनीडीव्हीची तासाभराची टेप जशीच्या तशी उतरवली की साधारण १३ जीबीची फाइल होते, त्यामुळे सगळं मिळून एक हार्डडिस्क भरली. टीव्ही जुना, पण पडदा उत्तम. डिस्क त्याला थेट लावली की निम्म्या फाइल्सवर ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ यायचं.

यातली गंमत अशी की फाइलच्या नावापुढे एमपी४ आहे म्हणजे ती चालेलच असं नाही. एमपी४ हा नुसता डबा, आत भाजी कुठली ते डब्यावरून कळत नाही. जुन्या मोबाइलच्या व्हिडिओत एच.२६४ असतं, आताच्या फोनमध्ये एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. डीव्हीडीत एमपीईजी-२. आयफोन १२पासून पुढचे फोन तर मूळ सेटिंगवरच एचडीआरमध्ये, म्हणजे जास्त उजेड आणि रंग टिपणाऱ्या प्रकारात, शूटिंग करतात, आणि साध्या पडद्यावर तेच व्हिडिओ धुतल्यासारखे फिके दिसतात. हे सगळं समजून घेणारं आणि हार्डडिस्क लावता येईल असं काहीतरी टीव्हीला जोडायचं, एवढाच बेत होता.

इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतलं दुकान. नाव लिहीत नाही, कारण हेच खोकं शेजारच्या चार दुकानांतही होतं आणि ऑनलाइनही वेगवेगळ्या नावांनी मिळतं. माझी गरज ऐकून दुकानदार म्हणाला, ‘दादा, टीव्हीत खोचायच्या स्टिकबिकच्या नादाला लागू नका. त्यात हार्डडिस्क लागत नाही. हा घ्या. ८के आहे, काहीही टाका, चालतंच.’ त्याने त्याचाच पेनड्राइव्ह लावला. पिसारा फुलवलेला मोर, निळंशार पाणी, संथ उडणारी फुलपाखरं. झकास दिसलं. दिसणारच, तो व्हिडिओ त्याच बॉक्सवर चालेल असा निवडून ठेवलेला होता. माझी डिस्क लावू का म्हटलं, तर म्हणे आत्ता अडॅप्टर नाही, घरी लावा, नाही चाललं तर मी इथेच बसलोय.

खोक्यावर एमआरपी ९,९९९. मला ‘तुमच्यासाठी’ २,८००. बिल मागितलं तर ‘पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर लागतील’. यूपीआयचा कोड स्कॅन केला तर दुकानाच्या नावाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं. त्यावर उत्तर तयार होतं, ‘घरचंच खातं आहे.’

घरी मिनीडीव्हीच्या फाइलमध्ये माणसं हलली की त्यांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येऊ लागल्या. ते चित्र इंटरलेस्ड असतं, एका आड एक ओळी अशा दोन भागांत साठवलेलं. ते नीट जुळवून दाखवणं ही प्लेअरची जबाबदारी, आणि या बॉक्समधल्या प्लेअरला ते जमत नव्हतं. भाचीच्या लग्नाचा ४के व्हिडिओ अडखळत चालायचा. आवाज पुढे, नवरानवरी मागे. मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू झाली तरी पडद्यावर अंतरपाट धरलेलाच. निवडक व्हिडिओ बॉक्समध्येच कॉपी करून पाहू म्हटलं, तर शंभरहून जास्त जीबी मोकळी दाखवणाऱ्या स्टोरेजने थोड्याच फाइल्सनंतर जागा संपल्याचं सांगितलं. तिथे मात्र पाल चुकचुकली.

भाचा हिंजवडीत नेटवर्किंगच्या कामात आहे. त्याने आल्या आल्या यंत्रात खरोखर काय आहे ते दाखवणारं एक ॲप बॉक्समध्ये घातलं आणि म्हणाला, ‘मामा, प्रत्येक अँड्रॉइडला आतून एक क्रमांक असतो, एपीआय लेव्हल. अँड्रॉइड ११ची ३० असते. इथे २५ दिसतेय. म्हणजे हे ७.१ आहे. ११ नुसतं लिहिलंय.’ मग त्याने लॅपटॉप त्याच वायफायवर घेऊन बॉक्सच्या आतल्या लिनक्सलाच, म्हणजे अँड्रॉइडच्या खालच्या मूळ सॉफ्टवेअरलाच, थेट मेमरी विचारली. रॅम १ जीबी, स्टोरेज ८ जीबी. आमच्यापेक्षा तोच जास्त चपापला होता, पण आकड्यांमुळे नाही. आत शिरताना बॉक्सने पासवर्ड विचारला नव्हता, परवानगीही नाही. घरच्या वायफायवर असलेला कुणीही त्या बॉक्समध्ये सरळ जाऊ शकत होता.

पंच्याहत्तरी होऊन गेल्यावर आम्ही तो उघडला. खालचे रबरी पाय सोलले की त्यांच्याखाली चार स्क्रू. आत मधोमध चिकटवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा, तो काढल्यावर चिपवर नाव वाचता आलं: रॉकचिप आरके३२२९. दहा वर्षांपूर्वीच्या पिढीतली ३२ बिटची चिप. तिला ८ जीबी रॅम जोडायची म्हटलं तरी जोडता येत नाही. आणि ८के? ८के म्हणजे ७६८० बाय ४३२० ठिपके, ४केच्या चौपट. ते या चिपच्या आवाक्यात कधीच नव्हतं. खरं तर घरच्या व्हिडिओंना त्याचा उपयोगही नाही. बारशाची टेप ७२० बाय ५७६. तिला ८के कुठून आणणार? पण खोक्यावर मोठा आकडा असला की हात तिकडे जातो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

इथपर्यंत गोष्ट २,८०० रुपयांची होती. पुढची जास्त गंभीर आहे.

बॉक्स आल्यापासून घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर गुगल वारंवार ‘तुम्ही रोबो नाही ना’ असं विचारत होतं. ट्रॅफिक सिग्नल ओळखा, जिने ओळखा. आईला वाटलं तिचा फोन बिघडला. भाच्याने राउटरमध्ये पाहिलं तर टीव्ही बंद असतानाही बॉक्स बाहेर कुठे कुठे सतत बोलत होता. बॉक्स काढून ठेवला आणि ती कटकट थांबली.

हे आमच्याच घरात झालेलं नाही. जानेवारी २०२३मध्ये डॅनियल मिलिसिक या कॅनडातल्या तंत्रज्ञाने टी९५ नावाच्या अशाच स्वस्त बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातलेलं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडल्याचं उघड केलं. त्या बॉक्समध्येही आमच्यासारखाच मागचा दरवाजा सताड उघडा होता. पुढे या प्रकाराला ‘बॅडबॉक्स’ हे नाव पडलं. डिसेंबर २०२४मध्ये जर्मनीच्या सायबर सुरक्षा कार्यालयाने देशातल्या सुमारे ३०,००० अशा उपकरणांचा त्यांच्या सूत्रधारांशी असलेला संपर्क तोडला. ५ जून २०२५ला अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना जाहीर इशारा दिला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गुगलने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. त्यात बाधित उपकरणांचा आकडा १ कोटीहून जास्त सांगितला आहे.

हे लोक तुमच्या बॉक्सचं करतात काय? तुमचं इंटरनेट भाड्याने देतात. दुसऱ्या कुणाला खोटी खाती उघडायची असतात, जाहिरातींवर खोट्या क्लिक करायच्या असतात, कुठे घुसखोरी करायची असते. ते सगळं तुमच्या घरच्या जोडणीतून जातं आणि पलीकडच्याला पत्ता तुमचा दिसतो. आमच्या बॉक्समध्ये नेमकं हेच होतं की त्याचं भावंड, ते तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. लक्षणं मात्र जुळत होती.

दुकानदाराकडे गेलो. आधी म्हणाला, तुमचा टीव्ही जुना आहे. मग, तुमच्या फाइल खराब आहेत. चिपचा फोटो दाखवल्यावर, ‘उघडलात ना दादा, मग वॉरंटी गेली.’ शेवटी त्याने कपाटातून दुसरं खोकं काढलं आणि वर ८०० रुपये द्या, १२ जीबीचं मॉडेल नेऊन बघा म्हणाला. त्याच साच्यातला बॉक्स, नुसतं स्टिकर वेगळं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. ते मध्यस्थी करतात, पण दुकानदारावर सक्ती करू शकत नाहीत. त्यापुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. पक्कं बिल नसल्यामुळे आमच्याकडे यूपीआयची नोंद, दुकानदाराशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं आणि खोक्याचे फोटो एवढंच होतं. ते सगळं जोडून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. आयोगात जाण्याची वेळ आली नाही. त्याने अर्धे पैसे परत केले आणि वर ‘बाकीच्यांना नाही आला कधी प्रॉब्लेम’ हेही ऐकवलं. बाकीच्यांनी बॉक्स उघडला नसेल.

आता घेताना काय बघायचं, ते आम्ही नंतर शिकलो तसं सांगतो. तुमच्याच फाइल्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या. एक जुन्या टेपची, एक नव्या फोनवरची ४के, एक आयफोनची. त्या तिथे चालवून बघा, आणि दुकानदार टाळाटाळ करू लागला तर बाहेर पडा. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असू द्या, कारण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. सेटिंगमधल्या रॅमच्या आकड्याकडे ढुंकूनही बघू नका. प्ले स्टोअर उघडून त्याच्या सेटिंगमधल्या ‘अबाउट’मध्ये डिव्हाइस प्ले प्रोटेक्ट (गुगलची सुरक्षा तपासणी) सर्टिफाइड आहे का ते पाहा. आमच्या बॉक्समध्ये प्ले प्रोटेक्ट मुळातच बंद होतं, आणि ‘सगळे चॅनेल फुकट’ दाखवणारी दोन ॲप्स आधीच घातलेली होती. एफबीआयच्या इशाऱ्यात या दोन्ही खुणा आहेत. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. आमच्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. एवढा मोठा आकडा ‘८के’चा छापायला जागा होती म्हणा.

दुकानदाराच्या एका वाक्यात मात्र तथ्य होतं. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकला हार्डडिस्क लावायची तर वेगळी केबल आणि डिस्कला वेगळी वीज लागते, आणि ॲपल टीव्हीला यूएसबीचं तोंडच नाही. पण त्यावर उपाय आहे. घरातल्या जुन्या लॅपटॉपला डिस्क लावायची, त्यात जेलीफिन हे फुकटचं सॉफ्टवेअर घालायचं आणि स्टिकवरून वायफायने बघायचं. आम्ही शेवटी यूएसबी असलेला, गुगलचं खरं प्रमाणपत्र असलेला साधा ४के बॉक्स घेतला आणि त्यात व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकला. कडांच्या रेघा गेल्या. बाबांनी लेकीचं लग्न मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत सलग पाहिलं. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता, ती गोष्ट वेगळी.

असा बॉक्स तुमच्या घरात आधीच असेल तर आधी तो वायफायवरून काढा. फॅक्टरी रीसेटने काम होत नाही, कारण घाण मूळ सॉफ्टवेअरमध्येच बसलेली असते. त्यावर ज्या गुगल खात्याने लॉग-इन केलं असेल त्याचा पासवर्ड मोबाइलवरून बदला आणि खात्याला जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो उडवा. राउटरचा पासवर्डही बदला. आमचा बॉक्स शेजारच्या वहिनींनी ‘पोरांना कार्टूनपुरता होईल’ म्हणून मागितला होता. त्यांना कारण सांगितलं आणि तो ई-कचऱ्यात दिला.